टॅक्सी ॲपसारखं मेकॅनिक बोलवायचं ॲप काढलं तर चालेल का?

चालेल, पण तुम्ही प्रश्नात जे लिहिलंय ना, की गाडी बंद पडली, ॲप उघडलं, बटण दाबलं, जवळचा मेकॅनिक आला आणि आपण मधलं कमिशन घेतलं, तिथेच गोची आहे. मी अशाच एका सर्व्हिसच्या कंट्रोल रूममध्ये काम केलंय, म्हणजे फोन घ्यायचे आणि माणूस पाठवायचा, त्यामुळे जे बघितलंय ते सांगतो.

टॅक्सी कुठलीही आली तरी चालते, मेकॅनिकचं तसं नसतं. गिऱ्हाईक सांगतं ‘गाडी बंद पडलीये’, बास. आता पाठवणार कोणाला, बॅटरीवाल्याला, पंक्चरवाल्याला की थेट क्रेन? आम्ही पहिलं विचारायचो की सेल्फ मारल्यावर काय होतंय. नुसतं टकटक वाजतंय आणि डॅशबोर्डचे लाइट मंद होतायत तर बहुतेक बॅटरी उतरलीये, जम्प स्टार्टवाला, म्हणजे बाहेरच्या बॅटरीचा करंट देऊन गाडी सुरू करणारा, पाठवा. इंजिन मस्त फिरतंय पण स्टार्ट घेत नाही तर पेट्रोल संपलेलं असेल नाहीतर पंप किंवा इग्निशनचं काहीतरी, ते रस्त्यावर होईलच असं नाही, म्हणून टोइंग तयार ठेवायचं. आणि चालत्या गाडीत आधी बॅटरीचा लाल दिवा लागला, मग हेडलाइट मंद झाले आणि मग गाडी बंद पडली असं कोणी सांगितलं की कान टवकारायचे, कारण हे अल्टरनेटरचं, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या पार्टचं, लक्षण आहे. इथे जम्प दिला की गाडी सुरू होते, गिऱ्हाईक खूश, मेकॅनिक निघून जातो, आणि थोडं पुढे गेल्यावर गाडी परत बंद, परत फोन, आणि ह्या वेळी शिव्या. म्हणून जम्प दिल्यावर इंजिन चालू ठेवून बॅटरीला मीटर लावायलाच पाहिजे, साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट दिसले तर चार्जिंग होतंय, 12 च्या आसपासच अडकलं असेल तर गाडी क्रेनवर चढवा, उगाच हिरोगिरी नको.

बॅटरीवर एवढं बोलतोय कारण सगळ्यात जास्त कॉल तिचेच. जर्मनीत एडीएसी नावाचा वाहनचालकांचा क्लब आहे, त्यांच्या ब्रेकडाऊनच्या आकडेवारीत 40 टक्क्यांहून जास्त केसेस बॅटरीच्या निघतात, आणि गंमत म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांतसुद्धा मोठ्या बॅटरीपेक्षा ती छोटी 12 व्होल्टचीच जास्त दगा देते. म्हणजे तुमच्या माणसाकडे मीटर, जम्प पॅक आणि चालणाऱ्या दोनचार साइजच्या नव्या बॅटऱ्या असतील तर बरीचशी कामं जागेवर निघतात. जुनी काढून नवी बसवून द्यायची, त्यात पैसेही बरे सुटतात.

टायरचं वेगळंच. बऱ्याच नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते, सीलंटची बाटली आणि छोटा पंप देतात, आणि टायर साइडनं फाटला असेल तर त्या बाटलीचा काही उपयोग नाही. त्यामुळे ‘स्टेपनी आहे का, हवा आहे का तिच्यात, चाकाच्या चोरी रोखणाऱ्या लॉक नटची चावी आहे का’ हे माणूस निघायच्या आधीच विचारायचं. फोर व्हील ड्राइव्ह आणि इलेक्ट्रिक गाड्या पुढची चाकं उचलून ओढत न्यायच्या नसतात, अख्खी गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रकच लागतो, तेही आधीच विचारा.

आता लोकेशन. नकाशावरचा ठिपका दिसतो छान, मोकळ्या आकाशाखाली मोबाइलचं जीपीएस साधारण 5 मीटरपर्यंत बरोबर असतं, पण दुभाजक असलेल्या हायवेवर 5 मीटर म्हणजे पलीकडची बाजू असू शकते, आणि मेकॅनिक चुकीच्या बाजूला पोचला की पुढे जाऊन यू टर्न घेऊन परत येईपर्यंत तुमच्या ॲपनं दाखवलेल्या वेळेचे बारा वाजतात. गाडी कुठल्या दिशेला जात होती हा एक प्रश्न ॲपमध्ये टाका. बेसमेंट पार्किंगमध्ये तर ठिपकाही धड नसतो आणि कमी उंचीमुळे टो ट्रक आतही जात नाही.

पैशांचं बोलू. टॅक्सी लोक आठवड्यातून कितीदा तरी घेतात, गाडी मात्र बंद पडते कधीतरी. मग तुमचं ॲप फोनमध्ये ठेवणार कोण? अडकल्यावर शोधून डाउनलोड करतील, पण तेव्हा रेंज असेल, फोनला चार्जिंग असेल, ओटीपी येईल ही सगळी जर तरची गोष्ट. म्हणूनच ह्या धंद्यातली जुनी नावं सभासदांच्या वर्षाच्या वर्गणीवर उभी राहिली, अमेरिकेतली वाहनचालकांची संघटना एएए 1902 ची, एडीएसी 1903 चा, ब्रिटनमधली तशीच एए 1905 ची (ती तर पोलिसांच्या स्पीड ट्रॅपपासून गाडीवाल्यांना सावध करायला निघाली होती). ज्यांची गाडी वर्षभर बंद पडत नाही त्यांच्या पैशांतून बाकीच्यांचा खर्च निघतो. फक्त गाडी बंद पडल्यावर सभासद होणाऱ्यांपासून सावध राहा, त्यांच्यासाठी सेवा सुरू होण्याआधी थांबायचा काळ किंवा जादा पैसे ठेवावेच लागतात. दुसरा रस्ता अमेरिकेतल्या अर्जंटलीचा, 2013 ची कंपनी, ॲप-सॉफ्टवेअर स्वतःचं पण गिऱ्हाईक मुख्यतः गाड्या बनवणाऱ्या आणि विमा कंपन्या, म्हणजे गाडीवाल्याला ही सेवा गाडीबरोबर नाहीतर पॉलिसीबरोबर मिळते. मला विचाराल तर सुरुवातीला हाच रस्ता धरा.

सर्ज प्रायसिंग, म्हणजे मागणी वाढली की रेट वाढवायचा, हे मात्र डोक्यातून काढून टाका. अचानक थंडी पडली किंवा धो धो पाऊस लागला की सगळ्यांच्या गाड्या एकाच वेळी बंद पडतात आणि नेमके तेव्हाच मेकॅनिक कमी पडतात, पण रात्री लहान पोर घेऊन रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला तिप्पट रेट दाखवला तर त्याला ती लूटच वाटणार. अशा वेळी दीड तास लागणार असेल तर दीड तासच सांगा, लोक थांबतात, पण ‘पोचतोय, पोचतोय’ ऐकून भडकतात.

आणि एक गोष्ट सुरुवातीलाच कागदावर ठरवा. मेकॅनिक निम्म्या वाटेत असताना गिऱ्हाईकाची गाडी कोणीतरी धक्का मारून सुरू करून देतं आणि कॉल कॅन्सल होतो. हे सारखं होतं. त्या रिकाम्या फेरीचे पैसे मेकॅनिकला द्यायचे, गिऱ्हाईकाकडून ते वसूल होवोत नाहीतर न होवोत. नाही दिले तर तो पुढच्या वेळी रात्रीचा फोन उचलत नाही, आणि रात्रीचे कॉल तर तुम्हाला येणारच.