सामूहिक कामात आपला वाटा उचलायचा की नाही, हे माणसे कशावरून ठरवतात?

बरीचशी माणसे हा निर्णय निव्वळ स्वतःच्या फायद्यातोट्यावरून न घेता, इतर जण किती वाटा उचलतील या अंदाजावरून घेतात. याचा भक्कम पुरावा अर्थशास्त्रज्ञ उर्स फिशबाखर, सायमन गेख्टर आणि अर्न्स्ट फेर यांच्या २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सापडतो. त्यात चौघांच्या गटातील प्रत्येकाला पैशांत बदलता येणारी २० टोकन दिली होती. सामायिक निधीत टाकलेल्या प्रत्येक टोकनामागे चौघांपैकी प्रत्येकाला ०.४ टोकन परत मिळे, म्हणजे गटाच्या हाती १.६ येत, पण टाकणाऱ्याच्या पदरी मात्र ०.६ चा तोटा पडे. तरीही सुमारे निम्म्या लोकांनी, इतर जितके जास्त देतील तितके आपणही जास्त देऊ, असे ठरवले. साधारण तीस टक्के लोकांनी काहीच न देण्याचे ठरवले. देण्याची तयारी असलेलेही सहसा इतरांच्या सरासरीपेक्षा थोडे कमीच देत होते, आणि मला हा तपशील सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण एवढ्याशा फरकानेही काम लांबत गेले की एकेकाचा सहभाग आटत जातो. अर्थात, हे प्रयोग अनोळखी लोकांवर आणि पैशांच्या बाबतीत झालेले आहेत. जिथे माणसे एकमेकांना ओळखतात, कोणी काय केले हे सर्वांना दिसते आणि अंग चोरणाऱ्याला जाब विचारता येतो, तिथे सहभाग अधिक टिकण्याची शक्यता असते. फेर आणि गेख्टर यांच्याच २००० सालच्या प्रयोगात, सहभागींना एकमेकांना दंड करण्याची मुभा मिळताच योगदान स्पष्टपणे वाढले होते.