मुलांविषयी काही वाटेनासे झाले आहे

प्रश्न : मी १७ वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवते आहे. गेल्या वर्षभरापासून शाळेत जायचे म्हटले की पोटात गोळा येतो आणि वर्गात उभी राहिले की समोरची मुले काचेपलीकडे असल्यासारखी वाटतात. मागच्या महिन्यात एक मुलगी रडत माझ्याकडे आली, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो ‘आता हिची भर!’ असा. त्याची मला अजून लाज वाटते. सुटीत बरे वाटते, पण शाळा सुरू होऊन आठवडा होत नाही तोच पुन्हा तेच. मला समुपदेशनाची गरज आहे, की मी या पेशाला नालायक ठरले आहे?

उत्तर : पोटातल्या गोळ्यापेक्षा त्या रडणाऱ्या मुलीविषयीच्या वाक्यापाशी मी अधिक वेळ थांबलो. न्यू यॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली ‘बर्नआउट’ (कामाच्या ताणाने माणूस आतून पार संपून जाणे) ही संज्ञा मांडली ती मोफत दवाखान्यात जीव ओतून काम करणाऱ्या माणसांकडे पाहून, आणि स्वतःकडे पाहूनही. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये या अवस्थेची मोजणी करणारी प्रश्नावली तयार केली. तिच्यात तीन गोष्टी पाहिल्या जातात : भावनिक दमणूक, ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांच्याविषयी आलेला कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. म्हणजे ज्या कोरडेपणाची तुम्हाला लाज वाटते, तो या अवस्थेचे एक ओळखीचे लक्षण आहे. सतत देत राहिलेले मन स्वतःला वाचवण्यासाठी दार लोटून घेते. ज्याला मुळात मुलांची पर्वा नसते, त्याला अशा विचाराची महिनाभर लाज वाटत नाही.

शिक्षकाच्या थकव्यात एक भाग असा असतो की जो तासिकांच्या हिशेबात धरलाच जात नाही. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी त्याला ‘भावनिक श्रम’ म्हटले. आत राग किंवा भीती असताना चेहऱ्यावर शांतपणा ठेवणे हे काम आहे आणि त्याला शक्ती लागते. पेपर तपासण्याचा ढीग निदान दिसतो तरी. दिवसभरात गिळलेल्या रागाचा ढीग कोणाला दिसत नाही.

आता उपचारांविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून अमलात आली आहे. तिच्यात बर्नआउटची नोंद आजार म्हणून केलेली नाही; दीर्घकाळ न आवरलेल्या कामाच्या ताणातून उद्भवणारी, व्यवसायाशी निगडित अवस्था म्हणून केलेली आहे. मला हे वर्गीकरण योग्य वाटते, कारण त्यामुळे दोष माणसाच्या आत शोधण्याची घाई थोडी कमी होते. मात्र नैराश्य हा आजार आहे, आणि दोहोंची लक्षणे एकमेकांत मिसळतात. सुटीत तुम्हाला बरे वाटते, हे कामाच्या ताणाकडे बोट दाखवते. सुटीतही मन उदास राहिले, आवडत्या गोष्टींत रस उरला नाही, झोप व भूक बिघडली आणि हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला हवे. जगणे नकोसे वाटत असेल, तर त्याच दिवशी मदत घ्यावी. तिथे थांबून पाहण्याचा प्रश्न येत नाही. एकदा साध्या डॉक्टरांकडून रक्ततपासणीही करून घ्या, कारण रक्तक्षय आणि थायरॉइडचे विकार हुबेहूब असाच थकवा आणतात.

समुपदेशनाची गरज आहे का, तर हो, आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेल्या आणि आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या बोधात्मक वर्तन उपचारपद्धतीत घटना, तिच्यासोबत मनात आलेला विचार आणि त्यातून आलेली भावना वेगवेगळी लिहायला शिकवतात. ‘मागच्या बाकावर हसू आले, म्हणजे माझा वर्गावरचा ताबा सुटला, म्हणजे मी संपले’ ही साखळी डोक्यात निमिषात पुरी होते, पण कागदावर उतरवली की तिच्या दुसऱ्या कडीपाशीच शंका घेता येते. अशा उपचारांना साधारणपणे आठ ते वीस सत्रे लागतात. चार-सहा सत्रांनंतरही काहीच हलले नाही असे वाटल्यास तसे समुपदेशकांना स्पष्ट सांगावे, आणि गरज पडल्यास समुपदेशक बदलावा; त्यात अवमान कोणाचाच नाही.

पहिल्या भेटीला जाताना दोन आठवड्यांची नोंद सोबत न्या : शिकवणे, तयारी, तपासणी, नोंदवह्या, पालकांचे निरोप यांवर प्रत्यक्ष किती तास गेले, आणि कोणत्या कामानंतर तुम्ही रिकाम्या झालात. पुष्कळदा मोठा वेळ खाणारे काम आणि मन पोखरणारे काम ही दोन वेगळी निघतात. नोकरी सोडण्याचा निर्णय मात्र या अवस्थेत घेऊ नका. पेशाला तुम्ही लायक आहात की नाही, हा प्रश्न नीट झोप लागू लागल्यावर विचारावा.

प्रश्न : मी मुख्याध्यापक आहे. शिक्षकांसाठी ताणमुक्तीची एक दिवसाची कार्यशाळा घेतली. सर्वांना आवडली, पण दोन महिन्यांत दोघांनी दीर्घ रजेचे अर्ज दिले. आमचे काय चुकले?

उत्तर : कार्यशाळेत दीर्घ श्वास घ्यायला शिकवले आणि दुसऱ्या दिवशी मोकळ्या तासिकेत पुन्हा बदली वर्गावर पाठवले, असे तर झाले नाही ना? (मी शाळांमध्ये अशी व्याख्याने दिली आहेत, म्हणून हा प्रश्न मला स्वतःलाही विचारतो.) मॅस्लॅक आणि मायकेल लायटर यांनी बर्नआउटची मुळे कामाच्या सहा अंगांत शोधली : कामाचा भार, त्यावरचे नियंत्रण, मिळणारी दाद, सहकाऱ्यांशी नाते, न्याय आणि मूल्ये. श्वसनाचा सराव यांपैकी एकाही अंगाला हात लावत नाही. शिक्षकांच्या दर्जाविषयीच्या १९६६ सालच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीतही म्हटले आहे की, अध्यापनाचे तास ठरवताना रोज किती विद्यार्थी हाताळावे लागतात आणि पाठाची तयारी व मूल्यमापन यांना किती वेळ लागतो, हे धरले पाहिजे. तेव्हा आधी आठवड्यातली एक मोकळी तासिका खरोखर मोकळी ठेवा आणि एकच माहिती दोन ठिकाणी भरण्याचे काम बंद करा.

त्यानंतर करता येण्याजोगी एक गोष्ट म्हणजे नियमित गट. मनोविश्लेषक मायकेल आणि एनिड बॅलिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये डॉक्टरांसाठी असे गट सुरू केले; पुढे ते इतर पेशांतही वापरले गेले. एक शिक्षक आपल्याला छळणाऱ्या एका विद्यार्थ्याविषयी बोलतो, इतर जण थोडे प्रश्न विचारतात, मग तो मागे सरकून नुसते ऐकतो आणि बाकीचे त्या मुलाच्या व शिक्षकाच्या मनात काय चालले असेल याचा विचार करतात. सल्ला देण्याला तिथे मनाई असते, आणि शिक्षकांना तेच सर्वांत जड जाते. गट चालवणारी व्यक्ती प्रशिक्षित आणि शाळेबाहेरची असावी. तुम्ही स्वतः त्यात बसू नका; ज्याच्या हाती मूल्यमापन आहे, त्याच्यासमोर कोणी आपला कोरडेपणा कबूल करणार नाही.

प्रश्न : शाळेने नेमलेल्या समुपदेशकाकडे गेलो, तर माझे बोलणे वरिष्ठांपर्यंत पोहोचेल का?

उत्तर : गोपनीयता हा समुपदेशकाच्या व्यवसायनीतीचा पाया आहे. तुमच्या किंवा इतर कोणाच्या जिवाला, विशेषतः मुलांना, धोका असल्यास किंवा कायद्याने भाग पाडल्यासच तिला अपवाद केला जातो. तरीही शुल्क शाळा भरत असेल, तर पहिल्याच भेटीत दोन गोष्टी लेखी विचारून घ्या : शाळेला नावे कळवली जातात की केवळ भेटींची संख्या, आणि नोंदी कोणाच्या ताब्यात राहतात. उत्तर गुळमुळीत आले, तर बाहेरचा समुपदेशक शोधा.