ताटाकडे बघू नका

"मुलगी घरचं खात नाही. उद्या ती आमची तरी राहील का?" लंडनमधल्या माझ्या कौटुंबिक समुपदेशनाच्या खोलीत हे मराठी आया विचारतात तसंच जमैकन आयाही विचारतात. त्यांतलंच एक घर, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून.

पंधरा वर्षांची नात रविवारच्या 'राइस अँड पीज'ला हात लावेना. भात, राजमा, नारळाचं दूध, थाइम आणि वर अख्खी स्कॉच बॉनेट मिरची. भात शिजला की आजी ती देठाला धरून अलगद उचलायच्या. फुटली तर सगळा भात तिखटजाळ. नात ताट सारायची. आई ओरडायची, "जमैकन म्हणवतेस ना स्वतःला?" आजी गप्प.

"मी घास घ्यायच्या आत सगळे माझ्या ताटाकडे बघतात," मुलगी मला म्हणाली. "परीक्षा असल्यासारखं."

कुठलाही पेच मी एका माणसात शोधत नाही, तीन पिढ्यांत शोधते. चौथ्या भेटीला आजींना बोलावलं. "तुमच्या आईच्या हातचं पहिलं जेवण आठवतं?"

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मीही थांबले. या कामात असं थांबता येणं मी फार कष्टानं कमावलंय.

"१९६४. मी अकरा वर्षांची. आईबाबा आधीच इकडे आलेले, मला आजीनं वाढवलं. विमानतळावर आईला मी ओळखलंच नाही. त्या रविवारी तिनं राइस अँड पीज केलं. मी जेवले नाही. पुढे महिनाभर तसंच."

त्या काळी जमैकातली कितीतरी मुलं अशी मागाहून आली. पण हे आजींच्या मुलीनंही कधी ऐकलं नव्हतं. ताट परत आलं की आजींना काय आठवत असेल, ते मला तेव्हा कळलं.

आयांनो, उरलेल्या घासावर शेरा मारू नका. तुम्ही लहानपणी काय नाकारलंत तेही मुलांना सांगा. चवीचा हट्ट धरण्याआधी हाताला काम द्या. आणि 'अस्सल'चा धाक नको. जमैकाचा राष्ट्रीय पदार्थ घ्या: त्यातलं अकी हे फळ पश्चिम आफ्रिकेतून आलं, खारवलेला कॉड मासा उत्तर अटलांटिकमधून. बोकडाची करी १८४५ पासून तिथे गेलेल्या भारतीय मजुरांची देन. नाताळात राजम्याऐवजी घालतात ते 'गंगो पीज' म्हणजे आपली तूर.

उठताना नातीनं विचारलं, "मग जेवायला कधी लागलीस, ग्रॅनी?"

"आईनं एकदा मिरची मला उचलायला सांगितली. फुटू देऊ नकोस, एवढंच म्हणाली."