रिपोर्ट येण्याआधी संचकार घेऊ नका

खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न: आप्पांचं (वय 66) पीएसए (प्रोस्टेटसाठीच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढलं म्हणून प्रोस्टेटची, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची, बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) झाली. रिपोर्टासाठी पुढच्या बुधवारी बेळगावला जायचंय. सोसायटीत 4 लाखांची ठेव आहे. चुलत भाऊ रस्त्याकडचे 20 गुंठे घ्यायला तयार आहे, लगेच 2 लाख संचकार (विसार) देतो म्हणतो. एक एजंट म्हणतो, रिपोर्ट हातात यायच्या आत आरोग्य विमा काढून टाका. काय करू?

नमस्कार. बुधवारपर्यंत कुठल्याही कागदावर सही करू नका, एवढं आधी सांगतो. घरात कॅन्सरचा संशय आला की पैसे उभे करायला धावावंसं वाटतं, ते मला कळतं. पण किती पैसे आणि कधी लागणार, हे अजून डॉक्टरांनाही माहीत नाही.

रिपोर्टात कॅन्सर नसेल तर पैशांचा प्रश्न तूर्त मिटला, पीएसएवर मात्र लक्ष ठेवावं लागतं. असला तर ग्लीसन स्कोअर (कॅन्सरच्या पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा आकडा) विचारा. तो 6 असेल आणि गाठ प्रोस्टेटपुरतीच असेल, तर बरेचदा उपचार न करता ठरावीक काळाने पीएसए आणि एमआरआय करून नुसतं लक्ष ठेवतात. ब्रिटनमध्ये आजार प्रोस्टेटपुरताच असलेल्या 1,600 हून जास्त रुग्णांना 15 वर्षं पाहिलं. लक्ष ठेवलेले, ऑपरेशन केलेले, रेडिएशन घेतलेले, तिन्ही गटांत या कॅन्सरने दगावलेले जवळपास 3 टक्केच निघाले. उलट आजार हाडांत गेला असेल तर सुरुवात सहसा पुरुषी हार्मोन दाबणाऱ्या इंजेक्शनने होते. तो खर्च एकरकमी नसतो, पण वर्षानुवर्षं चालतो. एकदम मोठी रक्कम लागते ती मधल्या टप्प्यात, ऑपरेशन किंवा रेडिएशनला. तिथेही ठरवायला बहुतेकदा काही आठवडे मिळतात. मग घाईच्या भावात जमीन का द्यायची? वडिलोपार्जित असेल तर बहिणींच्या सह्याही लागतील, आणि संचकार एकदा घेतला की मागे फिरणं भाऊबंदकीत किती कठीण जातं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

एजंटाचं ऐकू नका. बायोप्सी झाल्याचं फॉर्ममध्ये लिहावंच लागतं. लपवलं तर क्लेम नाकारला जाईल आणि हप्ताही बुडेल. लिहिलं तर कंपनी नकार देईल, नाहीतर या आजारासाठी 3 वर्षांपर्यंत थांबायला लावेल.

त्यापेक्षा घरातलं रेशन कार्ड काढून बघा. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल असाल तर पॅकेजच्या 30 टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. मोठ्या उपचाराला आधी सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते, तुमच्यासाठी ती वाट बिम्सवरून (बेळगावचं सरकारी रुग्णालय) जाते. खाजगीत दाखल होऊन मग चिठ्ठीमागे पळणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हा क्रम चुकवू नका. आप्पा पीकेपीएसचे (गावच्या कृषी सहकारी सोसायटीचे) सभासद असतील तर यशस्विनीत, म्हणजे सहकारी सभासदांसाठीच्या कर्नाटकच्या आरोग्य योजनेत, नाव आहे का, सेक्रेटरींना उद्याच विचारा. महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू केल्याचं जाहीर केलं, पण कर्नाटक सरकारचा त्याला विरोध आहे. तिच्या भरवशावर हिशेब मांडू नका.

आता बुधवारचं. माझ्या काकांच्या वेळी आम्ही तिघं आत गेलो, तिघांनी माना डोलावल्या. बाहेर बाकावर बसल्यावर ग्लीसनचा आकडा 3+4 की 4+3, कुणालाच आठवेना. दोन्हींची बेरीज 7, पण 4+3 जास्त जोखमीचा. प्रश्नांची चिठ्ठी माझ्या खिशातच राहिली होती. म्हणून एकाने फक्त वही धरायची. पीएसएचे जुने आकडे तारखांसह, एमआरआयची सीडी, चालू गोळ्या, सगळं एका पिशवीत. विचारायचं ते असं: आजार कुठवर आहे? बोन स्कॅन किंवा पेट स्कॅन लागेल का? कोणकोणते उपचार शक्य आहेत, आणि त्यातला कुठला योजनेत बसतो? किती आठवडे थांबलं तर चालेल? हार्मोनचा उपचार सांगितला तर इंजेक्शन दर किती महिन्यांनी आणि किती वर्षं, की एकदाच होणारं अंडकोषांचं ऑपरेशन, हेही विचारा. खर्चात फार फरक पडतो, पण तो निर्णय आप्पांचा आहे, त्यांच्यासमोर बोला. रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस, कित्येक आठवडे चालतं. खानापूर–बेळगाव ये-जा आणि बुडणारी मजुरी त्यात धरा. दुसरं मत हवं असेल तर बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (जपून ठेवलेले तुकडे) मागून घेता येतात.

ठेव मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या. व्याज ठेवीपेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त पडतं, पण गरज असेल तेवढंच उचलता येतं. मात्र आत्ताच सोसायटीत जाऊन 2 लाख किती दिवसांत मिळतील ते विचारा. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, सोसायटीतल्या, म्हणजे पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. उत्तर गुळमुळीत आलं तर मात्र थांबू नका, पैसे काढून बँकेत ठेवा, दंड बसला तरी.

आणि मधल्या दिवसांत आप्पांना थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर बुधवारची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठा.