पंधरा की पन्नास?

"मॅडम, ही म्हणते, मी कुणाला तरी मारून टाकीन." खुर्चीत बसायच्या आधीच आईने सांगून टाकलं. मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला, शिक्षण सगळं तालुक्याच्या गावी, मराठी माध्यमातून. दहा दिवसांपासून ती वॉर्डात जायलाच तयार नव्हती.

झालं होतं ते असं. पेशंटच्या नाकातल्या नळीतून फीड देऊन झाल्यावर सिस्टरने पाणी सोडायला सांगितलं, 'फिफ्टीन एमएल'. हिने ऐकलं 'फिफ्टी', आणि मोठ्या सिरिंजमध्ये ५० एमएल भरून घेतलं. सोडायच्या आधीच सिस्टरच्या लक्षात आलं, पेशंटला काहीच झालं नाही. पण सगळ्यांसमोर तिला विचारलं गेलं, "मराठी मीडियमची का गं तू?"

'इंग्रजीतले सारखे शब्द मला कळतच नाहीत, माझं डोकंच कमी आहे का?' हा प्रश्न माझ्याकडे फार येतो. विद्यार्थी विचारतात, नोकरीला लागलेले विचारतात. अशा वेळी मी आधी मराठी बघते. तिला पेपरमधली एक बातमी मोठ्याने वाचायला दिली, तिच्याकडून आईच्या नावाने चार ओळींचं पत्र लिहून घेतलं. वाचन सरळ, लिखाण स्वच्छ. मागून हळू आवाजात हाक मारली, लगेच वळली. मराठीतही असाच गोंधळ दिसला असता, किंवा ऐकण्याची शंका आली असती, तर मी तिला तपासणीला पाठवलं असतं. तशी गरज नव्हती.

मग तिने पिशवीतून वही काढली. दोनशे पानी, मधोमध रेघ मारलेली. डावीकडे निळ्या शाईत हायपो, उजवीकडे लाल शाईत हायपर. खाली डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास, डिस्फेझिया म्हणजे बोलायला त्रास. पॅल्पेशन म्हणजे हाताने चाचपून बघणं, पॅल्पिटेशन म्हणजे छातीतली धडधड. रोज रात्री ती या जोड्या घोकायची, आणि सकाळी त्या आणखीनच एकमेकींत मिसळलेल्या असायच्या. मला त्या वहीचं फार वाईट वाटलं. केवढे कष्ट घेतले होते पोरीने! पण गोंधळ वाढवत होती ती वहीच. सारखे दिसणारे दोन नवे शब्द एकदम पाठ केले की दोघांचे धागे एकमेकांत गुंततात. एक पक्का होऊ द्यावा, मगच दुसऱ्याला हात लावावा.

"पेशंटची साखर उतरली आणि साखर चढली, यात तुझा कधी घोळ झाला का?" मी विचारलं.

"छे! उतरली की घाम फुटतो, हात थरथरतात."

"मग हा आठवडा फक्त हायपो. हायपो म्हणजे उतरलेली. घाम, थरथर, भूक. हायपरचं नावसुद्धा काढायचं नाही."

दुसरी गोष्ट कानाची. आपल्याकडे मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. हीही बारा वर्षं इंग्रजी शिकली, पण फळ्यावर आणि वहीत. बोललेलं इंग्रजी कानावर फारसं पडलंच नाही. शिवाय मराठी बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष देत नाही, म्हणून 'शिप' आणि 'शीप' आपल्याला एकच वाटतात. याचा अर्थ कान मंद आहे असा नाही. मी तिला म्हटलं, "पाण्याचा जग आणि अख्खं जग, म्हणून बघ." दोन्ही ज वेगळे, लिहायला मात्र एकच. तिने तीनदा म्हणून बघितलं आणि पहिल्यांदा हसली.

फिफ्टीन-फिफ्टीचं तसं आहे. 'टीन' लांबतं आणि शेवटी न येतो, 'फिफ्टी'त जोर सुरुवातीला असतो. डोळे मिटून, हात वर करून आम्ही बराच वेळ हा सराव केला. पण वॉर्डातल्या गडबडीत हा फरकही पुसला जातो, आणि तो भल्याभल्यांचा पुसला जातो. म्हणूनच आकडा सुटा करून 'वन फाइव्ह' असा म्हणायचा आणि ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, ही पद्धत जगभरच्या रुग्णालयांत आहे. सारख्या नावांच्या औषधांच्या वेगळ्या याद्या ठेवतात. हायड्रॅलाझीन रक्तदाबाचं, हायड्रॉक्सिझीन ॲलर्जीचं. ही नावं छापताना वेगळी अक्षरं मुद्दाम मोठी करतात. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. परत विचारलं तर आपलं अज्ञान उघडं पडेल, या भीतीने ती दर वेळी मान हलवत होती. मला काळजी होती ती या मान हलवण्याची.

काही शब्द कानाला वेगळे लागतच नाहीत. इलियम म्हणजे कमरेचं हाड आणि इलियम म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग. तिथे स्पेलिंगच बघावं लागतं: हाडाच्या इलियममध्ये 'एल'नंतर आय, जसा 'हिप'मध्ये, आतड्याच्या इलियममध्ये ई, जसा 'ईट'मध्ये. हे तिने वहीत लिहिलं नाही. एक बोट कमरेवर, एक पोटावर ठेवलं, बस्स.

चार बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीनंतर ती वॉर्डात जायला लागली होती. शेवटच्या वेळी एकटीच आली आणि सांगितलं, त्याच सिस्टरना सगळ्यांसमोर विचारलं, "सिस्टर, वन फाइव्ह की फाइव्ह झीरो?"

"मग?"

"वन फाइव्ह म्हणाल्या, आणि पुढच्या बेडकडे गेल्या."