ग्रहण पाहायचंय, पण एफडी मोडून?

प्रश्न : वय ५८, नाशिकला कारखान्यात नोकरी, दोन वर्षांत निवृत्ती. २ ऑगस्ट २०२७ चं खग्रास सूर्यग्रहण इजिप्तमध्ये लक्सरला जाऊन पाहायची आम्हा दोघांची इच्छा आहे. टूरवाले दोघांचे ६ लाख ४० हजार सांगतात, त्यातले २ लाख आगाऊ आणि परत न मिळणारे. अडीनडीसाठी ठेवलेली ७ लाखांची एफडी मोडू की पर्सनल लोन घेऊ? मुलगा म्हणतो, २०३४ ला कारगिलला दिसेल, तोवर थांबा. माझे साडू जेद्दाला असतात, तेही बोलावतात.

उत्तर : जा. पण एफडी मोडून नको आणि कर्ज काढून तर नकोच. ती एफडी गेली की निवृत्तीच्या तोंडावर हाताशी काही उरत नाही, आणि कर्जाचा हप्ता पगार थांबला तरी थांबत नाही.

मुलाचं म्हणणं हिशेबाला स्वस्त, पण कच्चं आहे. २० मार्च २०३४ ला कारगिलकडे ग्रहण खग्रास आहे हे खरं, पण मार्चमध्ये तिकडे बर्फ असतं, झोजिला खिंड बंद असू शकते, आणि तेव्हा तुम्ही पासष्टीच्या आसपास असाल. त्याआधी २१ मे २०३१ ला केरळ-तमिळनाडूत कंकणाकृती (सूर्य बांगडीसारखा दिसतो ते) आहे. रेल्वेने जाऊन येता येईल, पण त्यात अंधार पडत नाही, सूर्याचा प्रभामंडल दिसत नाही. घरबसल्या म्हणाल तर २०२७ चं हेच ग्रहण आपल्याकडे खंडग्रास आहे. त्या दिवशी आषाढातली दिव्यांची अवस. नाशिकच्या ढगांचं मी काय सांगू! २२ जुलै २००९ चं खग्रास ग्रहण पाहायला सुरतेला गेलेल्यांना विचारा, ढगच आडवे आले.

आता तुमच्या पत्रातली शेवटची ओळ. पूर्ण सावलीचा पट्टा फक्त लक्सरवरून जात नाही. दक्षिण स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त असा येऊन तो तांबडा समुद्र ओलांडतो आणि जेद्दा-मक्का आपल्या पोटात घेतो. लक्सरजवळ खग्रास स्थिती ६ मिनिटं २३ सेकंदांपर्यंत, जेद्दाला सहा मिनिटांच्या आसपास. त्या थोड्या सेकंदांसाठी टूरवाले साडेचार-पाच लाख जास्त मागताहेत. लक्सरची देवळं पाहायचीच असतील तर ती पुढच्या हिवाळ्यातही तिथेच असतील, आणि स्वस्तात.

जेद्दाला मुंबईहून थेट विमान आहे. तिकिटं, व्हिसा, विमा, वरखर्च मिळून दोघांचे दीड ते पावणेदोन लाख धरा. साधारण अकरा महिने आधी बुकिंग खुलतं, तोवर दरमहा आरडी लावा आणि उरलेलं बोनसमधून भरा. ऑगस्टात तिथे घामाच्या धारा लागतात, तेव्हा गच्चीवर सावली आणि पाणी हवंच. ढगांची भीती मात्र फारच कमी. ढग आले म्हणून नेहमीचा प्रवास विमा पैसे देत नाही, त्यामुळे ठिकाण निवडतानाच हे पाहायचं.

तरीही टूरच घ्यायची असेल, तर रद्द केल्यास किती परत मिळणार ते लेखी घ्या. परदेशी पॅकेजवर जो टीसीएस (आगाऊ घेतलेला आयकर) घेतात तो रिटर्न भरताना वळता होतो, त्याला खर्च समजू नका.

साडूंना मात्र तिकिटं काढायच्या आत फोन करा. आखातातल्या शाळांना तेव्हा सुट्टी असते आणि बरीच मंडळी नेमकी त्याच वेळी गावाकडे निघतात.