पेटीचा डावा हात

बाये,

अनेक आशीर्वाद. तुझ्या नाटकाचा खर्डा दोनदा वाचला. दोन मुलं, दोन पियानो, पियानोच्या ग्रेडच्या म्हणजे पायरीपायरीने द्यायच्या परीक्षा, घरच्यांची धावपळ. या सगळ्यातून तू स्वतः गेली आहेस, ते पानोपानी दिसतं. पण तुझी पात्रं पियानोबद्दल विनोद करतात आणि पियानोजवळ बसली की गंभीर होतात. हसू वाजवण्यातून यायला हवं.

कॅनडातल्या टेड डिक्स्ट्रा आणि रिचर्ड ग्रीनब्लॅट यांनी ‘२ पियानोज, ४ हँड्स’ हे नाटक १९९६ साली टोरांटोत रंगमंचावर आणलं. लेखक तेच, नटही तेच. आपलं बालपण, एकमेकांचे शिक्षक, आईबाप, परीक्षक सगळं दोघंच उभं करतात आणि स्वतः वाजवतात. आरंभी बाख या जर्मन संगीतकाराची डी मायनर काँचेर्तो ही वाद्यरचना, शेवटीही तीच. सूर तेच, पण मधे दोघांचं सगळं बालपण डोळ्यांसमोरून गेलेलं असतं.

आता तुझ्या फोंड्याच्या मुलाकडे येऊ. तो भजनात पेटी वाजवून आलाय, हे तू एका वाक्यात उरकलंस. अगं, तिथंच तर नाटक आहे! पेटीवर उजवा हात सूर धरतो, डावा भाता मारतो. हा मुलगा पियानोसमोर बसला की त्याचा डावा हात भाता शोधणारच. टीचर रागावतील, तो हात मांडीखाली दाबून ठेवील, आणि जरा रंगात आला की हात पुन्हा हवेत हलू लागेल. संवाद लागणारच नाही. पुढे हेच दोन हात वेगवेगळं बोलू लागतील तेव्हा मघाशी हसलेला प्रेक्षक गप्प होईल. त्याच्या आजोबांच्या तोंडी खाप्रुमामा पर्वतकरांचं नाव घाल. हातापायांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल धरणारा माणूस आपल्याच गोव्यात होऊन गेला, हे सांगत आजोबा नातवाला मांडीवर ताल धरायला बसवतील. पियानोचा रियाज आणि आजोबांचा ताल एकाच खोलीत!

पावसाळाही विसरू नकोस. दमट हवेत लाकूड फुगतं, दाबलेली पट्टी वर येत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री नेमकी हवी ती पट्टी अडकली तर घरभर काय होईल, ते तुला मी सांगायला नको.

टीचरबद्दल मात्र मला वाईट वाटलं. त्या नुसत्या ओरडतात. त्यांनी किती मुलांना आठव्या ग्रेडपर्यंत नेलं आणि त्यातली किती नंतर पियानोजवळ फिरकलीच नाहीत, याचा विचार कर. एक प्रवेश त्यांना एकटीला दे. मुलं गेल्यावर त्या वाजवायला बसतात, एका जागी अडखळतात, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. बस्स.

आणि सतराव्या वर्षी मुलाला ‘तू चांगला आहेस, पण तेवढा नाहीस’ हे ऐकावं लागतं, तिथे तू घाईनं विनोद टाकलास. तो काढ. तिथं थांबायला घाबरू नकोस.

नट कसे निवडायचे, हे तू विचारलंस. पियानो येणारी दोन मुलं शोध आणि त्यांना अभिनय शिकव. पणजीला कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकणाऱ्यांत विचारून बघ. अभिनयाची तयारी सहा महिन्यांत करून घेता येते, बोटांना वर्षं लागतात. ध्वनिमुद्रित पियानो अजिबात नको. आमच्या एका नाटकात नटाचा हात वरच होता आणि पेटी वाजू लागली. त्या क्षणी प्रेक्षक आमच्या हातून गेला तो गेलाच, मला अजून ते सलतं.

पुढच्या रविवारी सकाळी ये. पेटी माझ्याकडे आहे. तू पेटीवर बस, मग टेबलावर पियानो समजून बोटं चालव, डावा हात काय करतो ते दोघं मिळून पाहू. संवादांचे कागद घरीच ठेव.

तुझे,
मास्तर